पहिली ओळ

"आबा, दुकानाच्या यादीत सगळ्यांत वर काय लिहायचं असतं?"

मे महिन्याच्या सुट्टीत माझा नातू पुण्याहून साखरखेर्ड्याला आला होता, तेव्हाची ही गोष्ट. दुपारची जेवणे आटोपली होती. बाहेर ऊन मी म्हणत होते. मी ओसरीवर आडवा झालो होतो आणि नातू मांडीवर लॅपटॉप घेऊन माझ्या उशाशी बसला होता. त्याचा प्रश्न ऐकून मी उठूनच बसलो. आमच्या घराण्यात दोन पिढ्या दुकानदारी झाली. माझ्या मुलाने तराजू हातात धरला नाही. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि तिथलाच झाला. तिसऱ्या पिढीत कोणाला दुकानाची आठवण होईल ही आशा मी कधीच सोडून दिली होती. त्यामुळे त्या एका वाक्यासरशी माझ्या मनात केवढाले मनोरे उभे राहिले!

"कसलं दुकान काढतो आहेस?" मी मोठ्या उत्सुकतेने विचारले.

"माझं नाही हो आबा. पिएरचं."

हा पिएर कोण, कुठला, त्याचे दुकान कोणत्या पेठेत आहे, याची चौकशी करता करता माझे मनोरे एकेक करून खाली आले. पिएर हा माणूसच नव्हता. 'स्टारड्यू व्हॅली' नावाचा संगणकावरचा एक खेळ आहे. एरिक बॅरोन नावाच्या एका अमेरिकन तरुणाने चार-साडेचार वर्षे एकट्याने खपून तो तयार केला आणि २०१६ साली बाजारात आणला. चित्रे त्याची, संगीतही त्याचेच. या खेळात मारामारी अगदी थोडी. मुख्य काम शेतीचे. आजोबांनी मागे ठेवलेली पडीक जमीन नातवाने कसायची, अशी त्याची कथा आहे. हे कळल्यावर मी नातवाकडे जरा निरखून पाहिले. पण त्याच्या मनात तसे काही नसावे. खेळातल्या गावात हा पिएर बी-बियाण्यांचे दुकान चालवतो आणि आठवड्यातून एकदा, बुधवारी, ते बंद ठेवतो. दुकानदाराने आठवड्याची सुट्टी घ्यावी, ही एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. आमच्या दादांनी ती उभ्या जन्मात घेतली नाही.

नातवाचा आणि त्याच्या तीन-चार मित्रांचा छंद असा की, या खेळाचा एक मराठी विकी त्यांनी मांडला आहे. विकी म्हणजे अनेकांनी मिळून लिहिलेला कोश. त्यात कोणीही भर घालावी आणि कोणीही खोडावे. 'विकी' हा शब्द हवाई बेटांतला. त्याचा अर्थ 'जलद'. होनोलुलूच्या विमानतळावर प्रवाशांना इकडून तिकडे नेणाऱ्या बसगाडीला ते नाव होते. वॉर्ड कनिंगहॅम या गृहस्थांनी १९९५ साली आपल्या नव्या पद्धतीला तेच देऊन टाकले. आता या जलद कोशात पिएरच्या दुकानाचे पान नातवाच्या वाट्याला आले होते. वसंत ऋतूत पिएर कोणते बी विकतो, कितीला विकतो, ते किती दिवसांनी काढणीला येते आणि माल कितीला जातो, याचा तक्ता त्याला करायचा होता. माहिती सगळी हाताशी होती. घोडे अडले होते ते एकाच ठिकाणी. पहिल्या ओळीत कोणाला बसवायचे?

मित्रांत यावरून कडाक्याचे भांडण चालू होते. एकाचे म्हणणे, वर्णानुक्रम लावा. त्यात कोणाचा पक्षपात नाही. म्हणजे केल, पार्सनिप, फ्लॉवर, बटाटा. दुसऱ्याचे म्हणणे, किमतीप्रमाणे लावा. नव्या खेळाडूच्या खिशात आरंभी फक्त ५०० नाणी असतात, त्याला स्वस्त ते आधी दिसले पाहिजे. म्हणजे २० नाण्यांचे पार्सनिप पहिले, ५० चा बटाटा दुसरा, मग ७० ची केल आणि शेवटी ८० चा फ्लॉवर. नातवाला हे दोन्ही पोरकट वाटत होते. त्याने हिशेब केला होता. फ्लॉवरचे बी ८० ला, माल १७५ ला, पीक १२ दिवसांचे. म्हणजे दिवसाकाठी जवळजवळ आठ नाणी नफा. केल सहा दिवसांत ११० ची होते, तिचा दिवसाचा नफा साडेसहाच्या वर. बटाटाही सहा दिवसांचा, ५० चे ८० होतात, नफा पाच. पार्सनिप चार दिवसांत तयार होते, पण २० चे ३५ च होतात, नफा पावणेचार.

मौज अशी की, किमतीचा क्रम उलटा धरला की नफ्याचा क्रम तयार! एका यादीतला पहिला तो दुसऱ्या यादीत शेवटचा. माल तोच, आकडे तेच, आणि तरी दोन याद्या वाचणारी दोन माणसे दोन वेगळी शेते पेरणार. चार मित्रांचे भांडण का लागले असेल, ते माझ्या ध्यानात आले. पोरे खेळत होती, पण प्रश्न पोरखेळाचा नव्हता.

आपल्याकडे यादीची पहिली ओळ कधीच बेवारशी राहिलेली नाही. लग्नाची यादी करायला बसले की वर 'श्री' आणि त्याखाली हळद-कुंकू. मग गहू, तांदूळ, डाळी काय हवे ते येऊ द्या. हळद-कुंकवाला खर्च सर्वांत कमी, पण मान पहिला. खळ्यावर धान्य मापताना जुनी माणसे पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात आणि मग दोन, तीन. अमरसिंहाने कोश रचला तोही वर्णानुक्रमाने नव्हे. त्याने स्वर्गापासून आरंभ केला, दुसऱ्या कांडात भूमीवर उतरला आणि धान्यधुन्य, शेती, व्यापार यांचे शब्द वैश्यवर्गात घातले. तात्पर्य, वस्तू ओळीने मांडणारा प्रत्येक माणूस न बोलता काहीतरी सांगत असतो. कोणी देवाला आधी मानतो, कोणी पैशाला, कोणी अक्षराला.

मी स्वतः या बाबतीत पहिला धडा शिकलो तो वयाच्या अकराव्या वर्षी. आमच्या वडिलांचे, म्हणजे दादांचे, गावात किराण्याचे दुकान होते. शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले होते, पण गिऱ्हाइकाच्या तोंडात अजून पावशेर नि अच्छेरच होते. दिवाळीच्या आधी आठ दिवस दुकानात मालाची मोजदाद चाले. कोणता माल किती शिल्लक, हे एका जुन्या वहीत लिहायचे आणि लक्ष्मीपूजनाला नवी वही घालायची. १९६७ सालच्या दिवाळीत माझे अक्षर चांगले म्हणून हे काम दादांनी मला सांगितले. शाळेत त्याच वर्षी गुरुजींनी शब्दकोश कसा पाहायचा ते शिकवले होते. दादांच्या वहीतला क्रम पाहून मला त्यांची कीव आली. अळिवापाठोपाठ खारीक, खारकेपाठोपाठ सुंठ, मग डिंक, मग ओवा, बाळंतशेपा, खोबरे. आणि गहू-ज्वारीसारखा रोजचा माल कुठे तिसऱ्या पानावर. मी दोन रात्री जागून सगळी यादी वर्णानुक्रमाने उतरून काढली. अळीव, आमसूल, इसबगोल, उडीद, ओवा. वही दादांपुढे ठेवली तेव्हा शाबासकीची माझी खात्री होती.

दादांनी पाने उलटली, अक्षराचे कौतुक केले आणि विचारले, "रात्री कोणी दार वाजवलं तर कोणत्या मालासाठी वाजवते?"

मला उत्तर सुचले नाही. दादांनी मला दुकानात नेले. गल्ल्याच्या उजव्या हाताला, अगदी खालच्या फळीवर, अळीव, खारीक, सुंठ, डिंक, ओवा, बाळंतशेपा आणि खोबरे यांचे डबे एका ओळीत होते. हा सगळा बाळंतिणीचा माल. दुकानात सर्वांत कमी खपणारा, आणि त्यात नफाही बेताचाच. पण गावात कोणाकडे अवेळी बाळंतपण झाले की घरचा माणूस कंदील घेऊन दादांकडे येई. दादा झोपेतून उठत आणि दिवा न लावता, नुसत्या हाताने चाचपून, सात वस्तू सात पुड्यांत बांधून देत. वहीतला क्रम म्हणजे त्या फळीचा क्रम होता. आणि फळीचा क्रम म्हणजे हाताचा.

"गहू घ्यायला येणारा माणूस सकाळपर्यंत थांबते," दादा म्हणाले. "ज्याले थांबता येत नाही, त्याचा माल पुढं."

साखरेचे पोते मात्र सर्वांत मागे, भिंतीला लावून असे. साखरखेर्ड्याच्या दुकानात साखर शेवटी, याचा मला लहानपणी फार राग येई. आमच्या गावाच्या नावाची गोष्टही क्रमाचीच आहे. १७२४ साली निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान यांची या गावच्या शिवारात मोठी लढाई झाली. मुबारिजखान पडला, निजाम जिंकला आणि दख्खनमध्ये त्याचे स्वतंत्र राज्य उभे राहिले ते इथून. विजयाची खूण म्हणून त्याने गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले. म्हणजे जिंकणाऱ्याने आपली ओळ सगळ्यांत वर लिहिली. लोकांनी ती मान लववून ऐकली असेल, पण तोंडातली साखर काही जाऊ दिली नाही. तीनशे वर्षे उलटून गेली. गावाच्या पाटीवर आज साखरखेर्डाच आहे.

दादा गेल्यावर दुकान माझ्याकडे आले आणि त्याचे रूप पालटले. ज्वारीच्या रानात हळूहळू सोयाबीन शिरले होते. घरचे बी राखून ठेवण्याचा काळ मागे पडत चालला होता. जालना आमच्यापासून फार लांब नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तिथे बियाण्यांची कंपनी काढली, तेव्हापासून ते गाव बियाण्यांसाठी नावाजले. दुसऱ्या बाजूला अकोल्याला कृषी विद्यापीठ आणि राज्याचे बियाणे महामंडळ. अशा दोन बाजूंच्या मध्ये असलेल्या गावात किराण्याबरोबर बी-बियाणे आणि खते ठेवणे ओघानेच आले. मी परवाना काढला आणि दुकानाबाहेर काळा फळा लावला.

हा फळा माझ्या हौसेचा नव्हता. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे विक्रेत्याने रोजचा साठा आणि दर दुकानात सर्वांना दिसतील असे लावावे लागतात. काय लिहायचे ते कायद्याने सांगितले आहे. सोयाबीनच्या चार वाणांपैकी वर कोणते लिहायचे, हे दुकानदाराच्या हातात. मी हिशेबी माणूस. जे वाण हेक्टरी जास्त क्विंटल देते, ते वर. त्याहून कमी ते खाली. कोणी विचारले तर सांगायला कारण चोख होते. खरे सांगायचे तर आणखी एक कारण होते. वरच्या वाणावर पिशवीमागे मला चार पैसे अधिक सुटत. दोन्ही क्रम जुळून आले होते म्हणून मला कधी त्यांतला एक निवडावा लागला नाही, इतकेच.

२०१४ साली जून कोरडा गेला. सबंध देशातच त्या जूनचा पाऊस सरासरीपेक्षा चाळीस टक्क्यांहून अधिक कमी होता. मृग गेला, आर्द्रा गेल्या. शेतकरी रोज दुकानाच्या पायरीवर येऊन बसत, आभाळाकडे पाहत आणि उठून जात. पाऊस आला तो जुलैच्या मध्यावर. मग एकच झुंबड उडाली. १८ जुलैला सकाळपासून माझे डोके वर निघाले नाही. बिले करताना बोटे शाईने काळी झाली.

त्या गर्दीत एक ओळखीचा शेतकरी आला. तीन एकर रान, तेही हलके, मुरमाड. अक्षरओळख जेमतेम. त्याने फळ्याकडे मान वर करून पाहिले आणि म्हणाला, "सगळ्यात वरतं जे लिहेल हाये ना भाऊ, तेच देऊन द्या. तुमी वरतं लिहेल म्हणजे चांगलंच असन."

मी तीन पिशव्या काढून दिल्या आणि पुढच्या माणसाचे बिल करू लागलो.

वरचे वाण एकशेपाच दिवसांचे होते. सर्वांत खाली लिहिलेले नव्वद दिवसांचे. पाऊस उशिरा आला तर लवकर येणारे वाण पेरा, हे कृषी विद्यापीठाची माणसे दर वर्षी सांगतात. ते मला ठाऊक नव्हते असे नाही. माझ्या दुकानातल्या भिंतीवर तसा कागदही लावलेला होता. पण फळा मी जूनच्या पहिल्या आठवड्यात लिहिला होता, आणि रोज मी फक्त साठ्याचे आकडे पुसून नवे घालत होतो. ओळी जागच्या जागीच होत्या. पावसाने दीड महिन्याचा उशीर केला, पण माझ्या फळ्याला त्याची वार्ता नव्हती.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन २३ ऑक्टोबरला होते. नव्वद दिवसांचे सोयाबीन ज्यांनी पेरले होते त्यांचा माल, बरावाईट जो काय झाला तो, दिवाळीच्या आत घरात आला. एकशेपाच दिवसांचे ऑक्टोबर संपेपर्यंत रानात उभे राहायचे होते. पाऊस त्याच्या आधीच निघून गेला. भारी काळ्या रानात ओल टिकते. मुरमाड रानात ती कुठली टिकायला? शेंगा धरल्या, पण दाणा भरला नाही. धनतेरशीच्या दिवशी तो शेतकरी दुकानात आला तो तेल, गूळ आणि पोरांसाठी फुलबाज्या उधार न्यायला. मी काही बोलू पाहत होतो. त्यानेच मला थांबवले. "तुमी काय करसान भाऊ? पाणीच गेलं."

तो रागावला असता, चार माणसांत मला बोलला असता, तर मी माझ्या बाजूने पुष्कळ काही सांगू शकलो असतो. पाऊस माझ्या हातात नव्हता. बी खोटे नव्हते. त्याने मागितले तेच मी दिले. पण त्याने मला मोकळे सोडले, आणि माझी बाजू माझ्यापाशीच राहिली. त्या रात्री वहीपूजन करताना गल्ल्याच्या उजव्या हाताच्या खालच्या फळीकडे माझी नजर गेली. तिथे आता खताचे नमुने आणि कंपन्यांच्या टोप्या होत्या. बाळंतिणी केव्हाच तालुक्याच्या दवाखान्यात जाऊ लागल्या होत्या. रात्री दार वाजवणारे कोणी उरले नव्हते. पण थांबायला वेळ नसलेले गिऱ्हाईक त्या १८ जुलैला भर दिवसा माझ्यापुढे उभे होते. मी ते ओळखले नाही.

पुढच्या वर्षापासून मी फळ्यावर वाणाच्या नावाआधी दिवस लिहू लागलो, आणि जुलै लागला की ओळी वरच्या खाली, खालच्या वर करू लागलो. पिशवीमागचे चार पैसे कमी झाले. त्याचे मी फार मोठेपण सांगत नाही. ते मला आधीच कमी करता आले असते.

हे सगळे मी नातवाला त्या दुपारी सांगितले नाही. म्हातारी माणसे बोलू लागली की तरुण मंडळींचे डोळे कसे हळूच पडद्याकडे वळतात, ते मला माहीत आहे. मी त्याला एवढेच विचारले, "तुझा तो वसंत ऋतू किती दिवसांचा?"

"अठ्ठावीस."

"आणि अठ्ठाविसाव्या दिवसानंतर रानात उभं पीक राहिलं तर?"

"ऋतू बदलला की एका रात्रीत वाळून जातं."

"मग समज, तुझा गडी विसाव्या दिवशी दुकानात आला. त्याने तुझा तक्ता उघडला आणि पहिली ओळ वाचून फ्लॉवर घेतला. पुढे काय?"

नातू थबकला. फ्लॉवर बारा दिवसांचा. सोळा तारखेपर्यंत पेरला तरच अठ्ठावीसला हाती येणार. केल आणि बटाटा बाविसापर्यंत चालतात. पार्सनिप, त्याच्या हिशेबातले सर्वांत शेवटचे, चोविसापर्यंत. म्हणजे तेविसाव्या दिवशी आलेल्या माणसाला या चारांपैकी उपयोगी पडणारी ओळ एकच, आणि तीच त्याने तळाला टाकली होती.

पण तो हार मानणाऱ्यांपैकी नाही. तो म्हणाला, "आबा, हा तुमचा खडूचा फळा नाही. इथे रकान्याच्या डोक्यावर टिचकी मारली की क्रम बदलतो. ज्याला जसा हवा तसा त्याने लावून घ्यावा. आम्ही कशाला ठरवायचं?"

युक्तिवाद बिनतोड होता. खडूच्या फळ्यापाशी जन्म घालवलेल्या माणसाला तर तो चमत्कारच वाटला. एकाच यादीचे चार क्रम, आणि एकही पुसायचा नाही! पण थोड्या वेळाने माझ्या मनात आले की, टिचकी मारायची हे ज्याला सुचते त्याला मुळात आपल्या मदतीची गरज थोडी. ज्याला काय विचारावे हेच कळत नाही, तो पहिली ओळ वाचतो आणि निघतो. शिवाय टिचकी मारण्यापूर्वी तक्ता कोणत्या तरी क्रमाने उघडणारच. तो क्रम कोणीतरी ठरवलेलाच असतो. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली आपले पाच नियम सांगितले. त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांच्याइतके सुरेख वर्गीकरण करणारा माणूस विरळा. पण पुस्तक फळीवर कुठे ठेवायचे हे ठरवताना त्यांनी विचार केला तो दाराशी आलेल्या माणसाच्या वेळेचा. दादांनी रंगनाथनांचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. तरी चौथा नियम त्यांना अंधारात हाताने सापडला होता.

नातवाला मी म्हणालो, "टिचकीची सोय राहू दे. पण ज्याला टिचकी ठाऊक नाही त्याच्यासाठी काहीतरी कर."

तो काही बोलला नाही. लॅपटॉप मिटून मित्रांशी फोनवर बोलत अंगणात गेला. मलाही मग डुलकी लागली.

परवा दिवाळीला तो पुन्हा आला. फराळाचे ताट हातात घेऊनच त्याने मला तो तक्ता दाखवला. मी चष्मा लावून पाहिले आणि मला हसू आले. पहिल्या ओळीत फ्लॉवरच होता! नातवाने नफ्याचा क्रम सोडला नव्हता. पण नावाच्या शेजारी, नफ्याच्याही आधी, लाल अक्षरांत लिहिले होते: '१६ तारखेनंतर पेरू नका.' त्याखाली केल आणि बटाटा यांच्यापुढे २२. पार्सनिपपुढे २४. ज्याची मुदत आधी संपते तो वर, हा नवा क्रम लावला तरी फ्लॉवरच पहिला येत होता. म्हणजे एक ओळही हलवावी लागली नव्हती. चार शब्द मात्र वाढले होते. ते वाचून माझ्या मनात आले की, २०१४ च्या त्या जुलैत मीही वरची ओळ वरच ठेवली असती आणि तिच्यापुढे नुसते 'आता पेरू नका' एवढे खडूने लिहिले असते, तरी पुरले असते.

"मध्ये एका मित्राने हे लाल शब्द काढून टाकले होते," नातू म्हणाला. "त्याचं म्हणणं, दिवसांचा रकाना आहेच, वाचणाऱ्याने वजाबाकी करावी. मी परत घातले. त्याने परत काढले. मग मी त्याला तेवीस तारखेचा खेळ उघडून दिला आणि म्हटलं, दुकानात जा आणि आपला तक्ता वाचून बी घे. तेव्हा कुठे पटलं."

विकीत अशी प्रत्येक खाडाखोड जपून ठेवलेली असते, हे त्याने मला दाखवले. कोणत्या तारखेला कोणी काय लिहिले, कोणी काय पुसले, सगळे एकाखाली एक. जुने पान हवे तेव्हा उघडून पाहता येते आणि हवे तर परतही आणता येते. मी बराच वेळ त्या तारखांच्या रांगेकडे पाहत बसलो.

माझ्या फळ्याला ही सोय नव्हती. रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने तो पुसला जाई. दुकान मी २०१९ साली बंद केले, आणि फळा आता गोठ्यात दाराची फट बुजवायला लावला आहे. १८ जुलैच्या त्या ओळी कोणापाशी लिहून ठेवलेल्या नाहीत. त्या मला आणि फार तर आणखी एका माणसाला आठवत असतील. तो माणूस अजून येतो. दर वर्षी मृगाच्या आधी ओसरीवर टेकतो, चहा घेतो आणि विचारतो, "यंदा काय पेरू भाऊ?" दुकान नाही, माल नाही, तरी विचारतो. मी आधी त्याला त्याच्या रानाचे विचारतो, मग पावसाचे, आणि मगच वाणाचे नाव घेतो.

लक्ष्मीपूजनाला आम्ही अजून एक कोरी वही आणतो. दुकान नसताना वही कशाला, असे सूनबाई दर वर्षी म्हणते आणि दर वर्षी तीच वहीला हळद-कुंकू लावते. यंदा पूजा झाल्यावर नातवाने वही उघडली, वर 'श्री' काढला आणि माझ्याकडे पाहिले.

"आता खाली काय लिहू?"

"दादांची यादी लिही," मी म्हणालो, आणि त्याला सांगू लागलो. अळीव, खारीक, सुंठ, डिंक, ओवा, बाळंतशेपा, खोबरे. मध्येच क्षणभर अडखळलो, तेव्हा उजवा हात आपसूकच थोडा खाली गेला, आणि पुढचे नाव आठवले.